पैठणी उलटी करून बघतो, मग सायकल का नाही?

गेल्या रविवारी आमच्या कॉलनीतल्या एका मुलाचा फोन आला. पोरगा हुशार, नुकताच नोकरीला लागलाय.

"काका, रोड बाईक घेतोय. एक लाख बावीस हजार सांगतायत. युरोपियन कंपनी आहे. घेऊ ना?"

"फ्रेम कुठं बनलीय?"

"म्हणजे काय, युरोपात. नावच तिकडचं आहे. फ्रेमवर झेंडा पण छापलाय."

"झेंडा छापलाय हे बरोबर. बनलीय कुठं, ते विचारलंस का?"

दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "असं कसं विचारायचं काका? एवढ्या मोठ्या दुकानात बरं दिसतं का ते?"

हे "बरं दिसतं का" मला फार महागात पडलंय. म्हणून आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. सायकल घ्यायची नसेल तरी वाचा, कारण प्रश्न फक्त सायकलचा नाही.

आधी मी कोण ते सांगतो. अंबडच्या एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं क्वालिटी बघतोय. आम्ही गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट दाबतो. एका ब्रॅकेटची किंमत अठ्ठावीस रुपये. पण त्या अठ्ठावीस रुपयांच्या तुकड्याची कुंडली आमच्याकडं असते. स्टील कुठल्या कारखान्यातून आलं, हीट नंबर काय, टेस्ट सर्टिफिकेट कुठंय, कुठल्या शिफ्टला दाबलं, मशीनवर कोण होतं. सर्टिफिकेट नसेल तर पत्र्याची गाडी आम्ही उतरवूनही घेत नाही. गेटवर ड्रायव्हर कितीही ओरडू दे. उद्या चेन्नईत एखाद्या गाडीत आमचा ब्रॅकेट तुटला, तर अर्ध्या तासात सांगू शकतो की तो कुठल्या लॉटमधला.

आणि याच माणसानं, म्हणजे मी, २०२१ मध्ये एक लाख अडतीस हजारांची सायकल घेतली आणि फ्रेम कुठं बनली हे विचारलं नाही. अठ्ठावीस रुपयांच्या ब्रॅकेटला जो प्रश्न रोज विचारतो, तो स्वतःच्या मानेखाली असलेल्या वस्तूला विचारला नाही.

नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या गावाला सायकलचं वेड आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमनं रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. नाशिकचेच लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. पहाटे गंगापूर रोडला उभे राहा, त्र्यंबक रोडला उभे राहा, हेल्मेटवाल्यांची रांग दिसेल. डॉक्टर, वकील, शिक्षक, कंपनीतले कामगार, सगळे.

मीही त्या रांगेत घुसलो. पोट कमी करायचं होतं, ते झालं. मग साधी गिअरवाली सायकल पुरेना. रोड बाईक हवी झाली. बोनस आला, एक एफडी मोडली, घरात "एवढ्यात स्कूटर आली असती" हे ऐकून घेतलं आणि गेलो दुकानात. दुकानाचं नाव घेणार नाही, कंपनीचंही नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि हे एका दुकानाचं दुखणंही नाही.

दुकानदारानं काय काय सांगितलं, ते सगळं आठवतंय. गिअर कुठल्या जपानी कंपनीचे, टायर किती रुंद, वजन किती किलो, रंग यंदाचा नवा. "आणि साहेब, कंपनी शंभर वर्षं जुनी, युरोपातली." फ्रेमवर झेंडा होता, त्याखाली बारीक अक्षरात "डिझाइन्ड इन" अमुक देश. मी ते "मेड इन" असंच वाचलं. डोळ्यांचा दोष नव्हता, मनानं आधीच ठरवलं होतं.

बिल मिळालं. त्यावर लिहिलेलं: "रोड सायकल, १ नग". बस्स. खोका दुकानातच राहिला, नंतर रद्दीत गेला असणार.

तीन वर्षं छान गेली. आठ-नऊ हजार किलोमीटर झाले. मग २०२४ चा पावसाळा संपता संपता एका सकाळी सायकल धुताना बोटाला काहीतरी लागलं. पायडलचा आस ज्या जाड नळीत बसतो, जिला आमचे मेकॅनिक बीबी म्हणतात, तिथून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळीवर, वेल्डिंगच्या अगदी कडेला. पहिल्यांदा वाटलं ओरखडा. नख फिरवलं, नख अडकलं. टॉर्च धरला. बावीस वर्षं क्रॅक बघतोय, ओळखायला वेळ लागला नाही.

हातपाय गार पडले, कारण आदल्या रविवारीच त्याच सायकलवर कसारा घाट उतरलो होतो. कॉम्प्युटरवर वेग पंचावन्न दाखवत होता. शेजारून ट्रक चालले होते. ती नळी तिथं सुटली असती तर ही पोस्ट लिहायला मी नसतो.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला क्रॅक जाऊ शकतो. चांगल्या कंपनीच्या, चांगल्या कारखान्यातल्या फ्रेमलाही. त्यासाठीच तर कंपन्या फ्रेमवर वॉरंटी देतात. माझी तक्रार क्रॅकची नाही. तक्रार पुढं जे झालं त्याची आहे.

दुकानदार म्हणाला, "साहेब, तो डिस्ट्रिब्युटर आता नाही. बदलला." नव्या डिस्ट्रिब्युटरला मेल केला. उत्तर आलं, आमच्या काळातला माल नाही, मूळ बिल आणि फ्रेम नंबर पाठवा. बिलावर फ्रेम नंबर नाही. मग थेट कंपनीला लिहिलं. तिकडून अत्यंत सभ्य भाषेत उत्तर: कृपया तुमच्या देशातल्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. म्हणजे फिरून पुन्हा गल्लीतलं तेच दुकान.

शेवटी आमच्या मेकॅनिकनं सायकल उलटी केली. बीबीच्या खाली केबलची प्लास्टिकची पट्टी असते, ती काढली. खाली ठोकलेला नंबर निघाला. आणि शेजारी एक बारीक स्टिकर, चिखलानं अर्धा गेलेला. देशाचं नाव मात्र शाबूत होतं. चीन.

आता हसा माझ्यावर. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान शहीद झाले, तेव्हा "चिनी मालावर बहिष्कार" हे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारा पहिला मीच होतो. पंचवीस रुपयांची चिनी लायटिंगची माळ घेऊ नका म्हणून शेजारच्या वहिनींना सांगितलं होतं. आणि वर्षभरात एक लाख अडतीस हजार मोजून मीच चीनमध्ये बनलेली फ्रेम घरी आणली, वर झेंडा युरोपाचा. वहिनींना अजून सांगितलेलं नाही. आता वाचतील.

पण थांबा. "चिनी म्हणजे भंगार" असं म्हणायला मी हे लिहीत नाहीये. ते खोटं आहे, आणि ज्याला धातूतलं कळतं तो असं बोलणार नाही. जगातल्या उत्तमातल्या उत्तम फ्रेम आज तैवान आणि चीनमध्येच बनतात. हे काही काल झालेलं नाही.

तैवानची जायंट कंपनी १९७२ ची. ती अमेरिकेतल्या श्विन कंपनीसाठी सायकली बनवायची. १९८० मध्ये श्विनच्या शिकागोच्या कारखान्यात संप झाला आणि तिथलं काम आणखी मोठ्या प्रमाणात तैवानला गेलं. अमेरिकन माणूस श्विन म्हणून घरी न्यायचा, बनवणारे हात तैवानचे. जायंटनं पुढं स्वतःच्या नावानं सायकली काढल्या आणि दुसऱ्यांसाठी बनवणंही चालू ठेवलं. तैवानचीच मेरिडा, तीही १९७२ ची. तिनं २००१ मध्ये अमेरिकेच्या स्पेशलाइज्ड कंपनीत मोठा हिस्सा घेतला. इंग्लंडची रॅले, जिच्या नावावर आपल्या आजोबांच्या पिढीनं जीव टाकला, तिच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात फ्रेम बनणं १९९९ मध्ये बंद झालं. नाव राहिलं, भट्टी विझली.

मग फरक कुठं पडतो? एकाच देशात दहा प्रकारचे कारखाने असतात. अंबडमध्येही आहेत. एका शेडमध्ये प्रत्येक वेल्ड तपासला जातो, शेजारच्या शेडमध्ये रंग चढला की माल पास. सायकलच्या फ्रेममध्ये बरंच वापरलं जाणारं ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम घ्या. वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम भट्टीत घालून पुन्हा कडक करावी लागते. ते नीट झालं नाही तर वेल्डच्या कडेची जागा मऊ राहते. वरून रंग सारखाच दिसतो. कार्बनचं तर विचारूच नका. कापडाचे थर साच्यात कसे बसवले, दाब किती, उष्णता किती, यावर सगळं अवलंबून, आणि बाहेरून काहीच कळत नाही. काही कारखाने स्वतःच्या साच्यातली तीच फ्रेम पाच वेगवेगळ्या कंपन्यांना विकतात. पाच नावं, पाच किमती, फ्रेम एक. म्हणून "कुठल्या देशात" हा पहिला प्रश्न आणि "कुणाच्या कारखान्यात" हा खरा प्रश्न.

आपण मात्र स्टिकर वाचतो. आपल्याकडं लोक सर्रास म्हणतात, "शिमानोची सायकल घेतली." अहो, शिमानो गिअर आणि ब्रेक बनवते. जपानमधल्या साकाई गावची १९२१ ची कंपनी, काम उत्तम, पण तुमची फ्रेम तिनं बनवलेली नाही. तसंच "रेनॉल्ड्स" लिहिलेली फ्रेम. तो स्टिकर सांगतो नळ्या कुणाच्या. त्या नळ्या जोडल्या कुणी, हे सांगत नाही. सायकलवर सगळ्यांची नावं असतात, फ्रेम बनवणाऱ्याचं सोडून.

आणि आता माझा राग कशावर आहे ते सांगतो. तो आपल्यावरच आहे. कारण माल कुठला हे विचारण्याची अक्कल आपल्याला नाही असं नाही. नाशिक जिल्ह्याला तर ती सगळ्यात जास्त आहे.

येवला आपल्याच जिल्ह्यात. लग्नाची पैठणी घ्यायला गेलेली बाई काय करते? पदर उलटा करते. हातमागाची असेल तर दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी दिसते, मशीनची असेल तर मागं दोरे लोंबतात. दुकानदार काय म्हणेल याची तिला पर्वा नसते. "हातमागाचीच आहे ना? विणली कुठं?" असं चारचौघांत विचारते, आणि दुकानदाराला उत्तर द्यावं लागतं. माझी आई सातवी शिकलेली. तिनं कधी न उलटता पदर घेतला नाही. मी डिप्लोमा झालेला, सायकल उलटी करायला तीन वर्षं लागली.

द्राक्षं घ्या. दिंडोरी-निफाडची द्राक्षं युरोपात जातात. २००३ मध्ये औषधांच्या अंशांवरून तिकडं बोंब झाली, आणि २००६ पासून अपेडानं ग्रेपनेट चालू केलं. आता तिथल्या पेटीवरून मागं येत येत आपल्या शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत पोचता येतं. बाग नोंदवलेली, नमुना तपासलेला, फवारणी लिहिलेली. आपला शेतकरी चिडतो, पण करतो. म्हणजे नाशिकचं द्राक्ष खाणाऱ्या युरोपियन माणसाला वेल कुठली ते कळतं, आणि युरोपचं नाव लावलेली सायकल घेणाऱ्या नाशिककराला कारखाना कळत नाही. हा कुठला न्याय?

ओझर घ्या. एचएएलमध्ये मिग बनले, सुखोई बनले. डिझाइन रशियाचं, बांधणी ओझरची. दोन्ही गोष्टी उघड होत्या, कुणी लपवल्या नाहीत आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटला नाही. डिझाइन एकीकडं, उत्पादन दुसरीकडं, यात लाज कसली? लाज लपवण्यात आहे.

युरोपवाले स्वतः काय करतात बघा. १९९३ पासून ते चिनी सायकलींवर जादा शुल्क लावतात. २००५ पासून ते ४८.५ टक्के आहे. २०१३ मध्ये त्यांनी चौकशी करून तेच शुल्क इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका आणि ट्युनिशियातून येणाऱ्या सायकलींनाही लावलं, कारण चिनी माल तिकडून वळसा घालून येत होता. म्हणजे स्वतःच्या धंद्यावर आलं की कुठली सायकल कुठं बनली हे ते खणून काढतात. शोधायचं ठरवलं तर सापडतं.

आता कायदा. आपल्याकडं कायदा नाही असं नाही. वैधमापनाचे २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत. त्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, १ जानेवारी २०१८ पासून लागू. आयात मालाच्या पॅकवर देशाचं नाव हवं. छान. पण नियमाची भाषा बघा: मूळ देश "किंवा" उत्पादनाचा देश "किंवा" जुळणीचा देश. हे "किंवा" वाचा पुन्हा. फ्रेम एका देशात बनली, दुसऱ्या देशात चाकं-गिअर बसवले, तर पॅकवर दुसऱ्याच देशाचं नाव छापलं तरी चालून जाईल. आणि फ्रेम बाहेरून आणून जुळणी आपल्याच देशात केली, तर माझ्या वाचनाप्रमाणे ती सायकल आयात मालच राहत नाही. मग फ्रेमचा देश सांगायचं बंधनच कुठं उरलं?

दुसरं भोक आणखी मोठं. नियम पॅकचा आहे. आणि दुकानात सायकल येते तेव्हा पहिलं काम काय होतं? खोका फाडून फेकतात. गिऱ्हाइकासमोर उभी राहते ती चकचकीत सायकल, झेंड्यासकट. सत्य रद्दीत.

२०२० च्या जुलैमध्ये ई-कॉमर्सचे नियम आले, ऑनलाइन विकताना मूळ देश सांगणं आलं. म्हणजे मोबाइलवर शंभर रुपयांचं मोबाइल कव्हर घेताना देश दिसला पाहिजे, आणि दुकानात लाखाची सायकल घेताना तो विचारावा लागतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकाला माहितीचा हक्क देतो: दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत वगैरे. त्या यादीत "कुठं बनलं" हा शब्द नाही. पण त्याच कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे, असंही म्हटलंय. झेंडा मोठा आणि देशाचा स्टिकर केबलच्या पट्टीखाली, याला दडवणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला. स्वागत आहे. स्वस्त करताना खरं बोलायचं बंधनही घातलं असतं तर आणखी बरं झालं असतं.

आता ज्या कॉमेंट येणार आहेत त्यांची उत्तरं आधीच देतो.

"सगळ्याच तिकडं बनतात, मग विचारून उपयोग काय?" उपयोग असा की झेंड्याचे पैसे तुम्ही देता. तीच फ्रेम, तेच गिअर, दुसऱ्या नावानं वीस-तीस हजार कमी. कळलं तर भाव करता येतो, किंवा उरलेल्या पैशात चांगली चाकं घेता येतात. मला तेव्हा खरं सांगितलं असतं तर कदाचित तीच सायकल घेतली असती. पण डोळे उघडे ठेवून घेतली असती, आणि बिलावर नंबर लिहून घेतला असता.

"दुकानदाराला काय माहीत?" माहीत नसेल तर त्यानं विचारावं. तो आयातदाराकडून माल घेतो, रस्त्यावरून नाही. आमच्या गेटवर पत्रा घेऊन आलेला कुणी "मला काय माहीत" म्हणाला तर आम्ही गाडी परत पाठवतो.

"मग भारतीयच घ्या ना." घ्या, जरूर घ्या. चीनखालोखाल सायकली बनवणारा देश आपलाच. पण तोच प्रश्न भारतीय नावालाही विचारा. नाव भारतीय म्हणजे फ्रेम भारतीय, असं गृहीत धरू नका. आणि हे लक्षात घ्या की न विचारण्याचा सगळ्यात मोठा तोटा इथं खरोखर फ्रेम बनवणाऱ्यालाच होतो. तो इथं भट्टी लावणार, वेल्डर शिकवणार, आणि त्याच्या शेजारी बाहेरून आणलेली फ्रेम तेवढ्याच ऐटीत "आपली" म्हणून उभी राहणार. मग त्यानं कष्ट कशाला घ्यायचे? ॲटलसची आठवण आहे ना? साहिबाबादच्या कारखान्यातलं काम बंद झालं ते ३ जून २०२० ला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळीच्या पोस्ट टाकल्या. तिची सायकल आपण शेवटची कधी घेतली होती, हे मात्र कुणी लिहिलं नाही. मीही नाही.

"एवढं मोठं नाव आहे, विश्वास ठेवा की." नाव मोठं असलं तरी विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानं जायंटच्या तैवानमध्ये बनलेल्या सायकली सीमेवरच अडवायचा आदेश काढला. कारण दिलं सक्तीच्या मजुरीचं: कर्जात अडकलेले कामगार, रोखलेला पगार, बेसुमार ओव्हरटाइम. आदेश मागे घ्यावा यासाठी अर्ज करणार असं कंपनीनं सांगितलं. कोण खरं ते ठरेल तेव्हा ठरेल. पण अंबडमध्ये पेठ-सुरगाण्याची, बिहारची कंत्राटी पोरं रोज बघणाऱ्या मला हे वाचून झोप लागली नाही. "कुठं बनली" या प्रश्नाच्या पोटात "कुणी बनवली आणि त्याला काय मिळालं" हा प्रश्नही असतो. जागाच माहीत नसेल तर तो प्रश्न कुणाला विचारणार?

मग करायचं काय? भाषण पुरे, कामाचं सांगतो.

१. पैसे देण्याआधी सायकल उलटी करायला लावा. बीबीच्या खाली नंबर असतो. आसपास किंवा सीटच्या नळीच्या खालच्या भागात देशाचा स्टिकर आहे का बघा. केबलची पट्टी आड येत असेल तर काढायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

२. खोका मागा. आयातदाराचं नाव, पत्ता, महिना, वर्ष, देश. मोबाइलवर फोटो काढा. खोका फेकला म्हणाले तर त्याच मॉडेलचा दुसरा खोका दाखवा म्हणा.

३. "डिझाइन्ड इन", "इंजिनिअर्ड इन", "असेंबल्ड इन" हे शब्द "मेड इन" नाहीत. माझ्यासारखी घाई करू नका.

४. दुकानदाराला आणि कंपनीला लेखी विचारा: या मॉडेलची फ्रेम कुठल्या देशात, कुणाच्या कारखान्यात बनली? मेल किंवा व्हॉट्सॲप चालेल. उत्तर आलं तर जपून ठेवा. नाही आलं तर तेही एक उत्तरच आहे.

५. बिलावर मॉडेल, वर्ष आणि फ्रेम नंबर लिहून घ्या. "रोड सायकल, १ नग" असलं बिल घेऊन घरी येऊ नका. चोरी झाली तरी पोलिसांना हाच नंबर लागतो.

६. फ्रेमची वॉरंटी कोण देणार, आयातदार की कंपनी, आणि आयातदार बदलला तर कोण, हेही लेखी घ्या.

७. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पण दोन वर्षांची मुदत असते आणि कागद लागतो. माझ्याकडं तो नव्हता.

आणि सरकारकडं मागणं एकच. नियमातले ते दोन "किंवा" काढा. फ्रेम कुठं बनली आणि सायकल कुठं जुळली, दोन्ही वेगळं लिहायला लावा. आणि ते पॅकवर नको, फ्रेमवर आणि दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर. नाशिकच्या सायकल ग्रुपांनाही हात जोडून विनंती आहे. राईडला किती जण आले, किती किलोमीटर झाले, हे रोज टाकतो. एकदा सगळ्यांनी मिळून हे पत्र वैधमापन खात्याला टाकू. मसुदा मी करतो, सह्या तुम्ही द्या.

माझी सायकल सध्या गच्चीत भिंतीला टांगलीय. चाकं आणि गिअर काढून दुसऱ्या, जुन्या स्टीलच्या फ्रेमवर चढवले. ती फ्रेम कुणी बनवली, कुठं बनवली, मला माहीत आहे. जड आहे. घाटात दमवते.

कॉलनीतल्या पोराचं काय झालं? दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेला आणि विचारलं. दुकानदार आधी जरा तडकला म्हणे. मग त्यानं आयातदाराला फोन लावला. पंधरा मिनिटांत देशाचं नाव आलं, अर्ध्या तासात कारखान्याचं. पोरगा मला फोनवर सांगत होता, "काका, ते म्हणाले इतक्या वर्षांत हे विचारणारा मी पहिलाच."

त्यानं सायकल घेतली. नऊ हजार कमी करून, बिलावर फ्रेम नंबर लिहून घेऊन. आज सकाळी त्र्यंबक रोडला भेटला.